गाडीचा डोळा

तुषारला कोणी वाईट माणूस म्हणणार नाही, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. मुळातच वाईट असता, तर हे सगळं करून तो दुपारचं जेवून मस्त झोपला असता. पण हा पडला रांगेत उभा राहणारा, सोसायटीचा पंप बिघडला तर स्वतः खाली उतरणारा, शिक्षिका बायकोला शाळेतून आणायला जरा उशीर होणार असला तरी आधी फोन करणारा माणूस. अशा माणसाच्या हातून काही घडलं की त्याचं करायचं काय, हेच त्याला उमगत नाही. सवय नसते.

तो इंजिनिअर आहे. सुरतेजवळ हजीऱ्याच्या बाजूला, समुद्राच्या वाऱ्यात, एक कंपनी लष्करासाठी गाड्या बनवते. त्यांतल्या एका आठ चाकी चिलखती गाडीच्या टपावर लेझर बसवायचं काम तुषारच्या गटाकडे होतं. शत्रूचं ड्रोन आलं की गाडीतून किरण सोडायचा आणि ते हवेतच जाळून पाडायचं. सांगायला इतकं सोपं की घरी आलेले पाहुणे म्हणतात, म्हणजे मोठी बॅटरीच की. तुषार हसून हो म्हणतो, कारण समजावत बसलं तर चहा निवतो.

प्रयोगशाळेत दगडी टेबलावर लेझर अगदी शहाण्यासारखा वागतो. गाडीवर चढवला की त्याची दुखणी सुरू होतात. त्याला वीज लागते भरपूर, म्हणून गाडीत वेगळा जनरेटर. त्या विजेचा थोडाच हिस्सा किरण होऊन बाहेर पडतो, बाकीची उष्णता होऊन आतच राहते, म्हणून ती काढायला पाणी थंड करणारं यंत्र. त्या यंत्राचा पंप थरथरतो. इंजिन थरथरतं ते वेगळं, आणि गाडी खड्ड्यात आपटते ते आणखी वेगळं. टपावर केसाएवढं हललं की दूर उडणाऱ्या ड्रोनवर किरण हातभर सरकतो, आणि ड्रोन पेटायचं तर तो एकाच जागी थोडा वेळ तरी ठरायला हवा. थरथर कमी करायला रबर घालावं तर उष्णता अडते, वजन कमी करायला पत्रा पातळ करावा तर थरथर वाढते. ही थरथर मारणं हे तुषारचं काम होतं. स्प्रिंगा, रबराच्या गाद्या, आणि किरणाच्या वाटेत एक छोटा आरसा, जो गाडी हलेल त्याच्या उलट हलून किरणाला जागेवर ठेवतो. गेली काही वर्षं घरीदारी त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

त्याच गटातल्या लोकेश बिऱ्हाडेकडे होती काच. किरण बाहेर पडतो ती काच टपावर पुढच्या अंगाला असते, जेवणाच्या ताटाहून थोडी लहान. सगळे तिला डोळाच म्हणत. काच निर्मळ असली तर किरण तिच्यातून नुसता निघून जातो. पण तिच्यावर धुळीचा कण असला, बोटाचा ठसा असला, तर किरण तिथे अडतो, कण तापतो, काच तापते आणि तडकते. त्यात हजीऱ्याची हवा, म्हणजे खारा वारा, रेती आणि काजळी. म्हणून लोकेशने नियम घातला होता. बंद खोलीत काच आपल्या हाताने पुसायची, झाकण लावायचं, आणि ते थेट किरण सोडायच्या वेळीच उघडायचं. मधे बघायलासुद्धा नाही, कारण बघायला उघडलं की बघता बघताच घाण बसते. झाकणाच्या कुलपाची किल्ली तो गळ्यात अडकवून फिरायचा, जेवतानाही काढायचा नाही. तुषार त्या किल्लीला लोकेशचं मंगळसूत्र म्हणायचा.

दोघांची मैत्री या कामातच झाली. तुषारचे वडील बँकेच्या बदलीने सुरतेत आले आणि अडाजणला फ्लॅट घेऊन इथलेच झाले. लोकेश सुरतेतल्याच नवागामचा, कामगारवस्तीतला. त्याचे वडील पोपट बिऱ्हाडे धुळ्याकडून येऊन कापडाच्या लूमवर लागले, आणि त्या खडखडाटात कान घालवून, मुलाची पदवी बघून गेले. आई रंभाबाई घरी साड्यांवर खडे चिकटवायची, अजूनही चिकटवते. लोकेश प्रकाश आणि काचा या विषयात मोठं शिक्षण घेऊन आला होता. दुपारी दोघं डबा एकत्र खायचे. रंभाबाईच्या हातची कळण्याची भाकरी आली की तुषार आपली पोळीभाजी सरळ लोकेशपुढे ढकलायचा आणि भाकरी ओढून घ्यायचा.

लष्कराचे अधिकारी चाचणी बघायला येणार होते ते नेमके दसऱ्यानंतर लगेच. चाचणी जमली तर गाडी पुढच्या चाचण्यांना राजस्थानात जाणार आणि काचेच्या कामाचा प्रमुख म्हणून लोकेश तिच्याबरोबर जाणार, हे जवळपास ठरलं होतं. पण दसऱ्याला त्याला नागपूर गाठायचं होतं. वडील गेल्यापासून रंभाबाईने धोशा लावला होता, एकदा तरी विजयादशमीला दीक्षाभूमीला ने. दर वर्षी काही ना काही आडवं यायचं. या वर्षी लोकेशने निघायच्या आधी शांतपणे काच पुसली, झाकण लावलं, आणि गळ्यातली किल्ली काढून तुषारच्या हातात ठेवली. उघडू नकोस, म्हणाला. जीव गेला तरी उघडणार नाही, असं तुषार म्हणाला, आणि दोघं हसले.

दसऱ्याच्या सकाळी शेडमध्ये पूजा होती. पूजा नेहमी जयंतसर करतात. प्रकल्पाचे प्रमुख, निवृत्तीला टेकलेले, हुशार, हाताखालच्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवणारे, आणि दसऱ्याच्या बाबतीत हट्टी. लेथ मशीनपासून पान्यांपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलं. गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, पुढे नारळ. यात काहीच बिघडत नव्हतं. मग सर शिडीवर चढले, डोळ्याच्या झाकणाला कुंकू लावायला बोट उचललं आणि थांबले. शस्त्राची पूजा करायची आणि त्याचा डोळा मिटलेला, हे काही बरं दिसत नाही, म्हणाले. तुषारने लोकेशचा नियम सांगितला. सर म्हणाले, मी काय काचेला हात लावणार आहे का, एक मिनिट उघड.

तुषारने उघडलं. नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. सर फार तर दोन दिवस फुगून बसले असते. पण सणाची सकाळ, खाली सगळे हात जोडून उभे, कोपऱ्यात फाफडा-जलेबीची खोकी येऊन पडलेली, अशा वेळी नियम सांगत बसणारा माणूस कटकट्या वाटतो. तुषारला कटकट्या वाटायचं नव्हतं. कारण एवढंच होतं, दुसरं काही नाही.

सरांनी काचेभोवतीच्या लोखंडी कड्याला कुंकू लावलं. काचेला खरंच हात लावला नाही. आरती झाली, कापूर विझला, सर खाली उतरले आणि सगळे खोक्यांकडे वळले. तुषार झाकण लावायला वर थांबला तेव्हा त्याला दिसलं की काचेच्या खालच्या कडेशी कुंकवाची चिमूट उडून बसली आहे. शेडचा मोठा पंखा चालू होता. आता खरं करायचं ते असं, की गाडी बंद खोलीत न्यायची आणि लोकेशच्या हाताखाली काम करणाऱ्या वैशालीला घरून बोलावून तिच्याकडून काच रीतसर पुसून घ्यायची. म्हणजे सरांना सांगायचं, म्हणजे सणाच्या दिवशी बोभाटा. तुषारने फुंकर मारली. थोडं उडालं, थोडं राहिलं. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तशी हळूच काच पुसली. लख्ख दिसायला लागली. त्याने झाकण लावून कुलूप घातलं.

पूजेच्या आधीच, कोणाचं लक्ष नाही असं बघून, त्याने दोन फाफडे तोंडात टाकले होते आणि त्याच रुमालाला बोटं पुसली होती. हे त्याला आठवलं ते खाली उतरल्यावर, रुमालावरचे तेलाचे डाग बघून. तो जरा वेळ शिडीपाशी घुटमळला. मग कोणीतरी त्याच्या हातात जलेबीची डिश दिली आणि तो खायला लागला.

लोकेश नागपूरहून आला तो आईला घरी सोडून तडक कंपनीत. डोळे जागरणाने लाल, आवाज बसलेला, आणि चेहरा मात्र खुललेला. गर्दीत आईने त्याचा हात एकदाही सोडला नाही, स्तूप दिसल्यावर ती मोठ्याने वडिलांचं नाव घेऊन रडली, असं तो सांगत होता. तुषारसाठी त्याने संत्रा बर्फी आणली होती. खोका उघडून एक तुकडा त्याने स्वतः तुषारच्या हातावर ठेवला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"माझ्यामागे झाकण उघडलं नव्हतं ना?"

तुषारच्या तोंडात बर्फी होती. "नाही," तो म्हणाला.

हो, उघडलं, असं म्हणायला काय लागलं असतं? गाडी परत खोलीत, काच पुन्हा पुसायची, चाचणी पुढे. अधिकारी तर सुरतेत येऊन उतरलेले. सरांना कारण सांगा, वैशालीला सांगा, रुमालाचं सांगा. इंजिनिअर झालेल्या माणसाने फाफड्याच्या रुमालाने लेझरची काच पुसली हे कोणत्या तोंडाने सांगायचं? शिवाय काच लख्ख दिसत होती. कदाचित काही होणारही नाही. मोजमापावर पोट भरणारा हा माणूस त्या दिवशी ‘कदाचित’ या एका शब्दावर विसंबला. लोकेशने किल्ली गळ्यात घातली आणि पुढच्या कामाला लागला.

चाचणी खाडीकाठच्या मोकळ्या मैदानावर होती. मुद्दाम खड्डे केलेल्या वाटेवरून गाडी धावत होती आणि ड्रोन दूर पाण्यावर घिरट्या घालत होतं. तुषार मागच्या तंबूत पडद्यासमोर होता. किरण सुटला, आणि पडद्यावर त्याचा ठिपका ड्रोनच्या पंखावर जाऊन बसला. गाडी आपटत होती आणि ठिपका जागचा हलत नव्हता. इतक्या वर्षांत इतका स्थिर तो कधीच राहिला नव्हता. जयंतसरांनी तुषारच्या खांद्यावर थाप मारली. तेवढ्यात पडदा पांढरा पडला, आणि सुरक्षेच्या यंत्रणेने लेझर आपोआप बंद केला. ड्रोन आणखी एक घिरटी घालून निवांत खाली उतरलं. एक अधिकारी दुसऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलला.

काच आरपार तडकली होती. लोकेश शिडीवर चढून भिंगातून बराच वेळ बघत राहिला. खाली उतरला, सगळ्यांवरून नजर फिरवली, तुषारवर जरा थांबला आणि म्हणाला की काच स्वच्छ नव्हती. एवढंच. कोणी पुढे विचारलं नाही, कारण काच पुसणारा तोच होता. पूजेत झाकण उघडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, पण ते काढायचं तर सरांचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि सरांनी काचेला हात लावला नव्हता हेही सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतर जे झालं ते फार शिस्तीत झालं. चौकशी समिती बसली आणि लोकेशला निकाल लागेपर्यंत घरी थांबायला सांगितलं. जेवणाच्या टेबलांवर लोक हळहळत. हुशार पोरगा, म्हणत, पण चाचणी तोंडावर असताना नागपूरला कशाला जायचं? जायच्या घाईत पुसली असणार. एक जण म्हणाला की यांचं सगळं लक्ष तिकडेच. यांचं म्हणजे कोणाचं हे त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. तुषारने डब्याचं झाकण लावलं आणि हात धुवायला उठला. त्याने तोंड उघडलं असतं तर ते बोलणं तिथल्या तिथे बंद पडलं असतं. हे त्याला तेव्हाही कळत होतं, आणि तरी तो नळापाशी साबण लावत राहिला.

घरी त्याला अन्न जाईना. कोणता रुमाल देऊ असं बायकोने, अमृताने, सकाळी विचारलं तरी तो दचकायचा. तिने दोन-तीनदा विचारलं की झालंय काय, तर कामाचं टेन्शन म्हणाला. रात्री लोकेशचा तो हात डोळ्यासमोर यायचा, बर्फी ठेवणारा आणि किल्ली मागणारा. लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं, हे त्याला या वयात कळत होतं. 

शेवटी तो जयंतसरांच्या केबिनमध्ये गेला आणि दार लावून त्यांना सगळं सांगितलं. कुंकू, फुंकर, रुमाल, तेल. सरांनी चष्मा काढला. उघड असं आपणच म्हणालो होतो, हे ते विसरले नव्हते, तेवढे ते प्रामाणिक होते. पण पूजेत काच खराब झाली, असं वर कळवायचं? दिल्लीपर्यंत हसं होईल, प्रकल्प बंद पडेल, सगळ्यांचीच कामं जातील. त्यापेक्षा पुसण्यात कसर राहिली असं जाऊ दे. लोकेशची नोकरी मी जाऊ देणार नाही, त्याला इथेच दुसऱ्या विभागात घेऊ. राजस्थानचं मात्र आता विसरायला हवं. मग ते चष्मा परत लावत म्हणाले की तू त्याचा मित्र आहेस, तूच जाऊन नीट सांग.

तुषारला सुटल्यासारखं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण सांगितलं, मोठ्या माणसाने ठरवलं, आता ओझं त्याचं. पार्किंगपर्यंत हे सुख टिकलं. गाडीत बसल्यावर त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्याने किल्ली फिरवायला वेळ लावला.

रविवारी दुपारी तो नवागामला गेला. गल्लीतून लूमची खडखड येत होती, रविवार असूनही. लोकेशचं घर एका खोलीचं दोन मजल्यांचं झालं होतं, वरच्या मजल्याला अजून गिलावा नव्हता. रंभाबाई दारातच साडी पसरून खडे चिकटवत बसली होती. त्याला बघून तिने साडी गोळा केली आणि चटई पुढे सरकवली.

"ये भाऊ, बठ. लोकेश वर शे, ई जाई आते," ती आपल्या अहिराणीत म्हणाली, आणि त्याला टेकूही न देता तिने बोलायला सुरुवात केली. पोरगा जेवत नाही. कोणाशी बोलत नाही. दिवसभर वर बसून असतो. नागपूरहून आणलेला बाबासाहेबांचा फोटोही अजून भिंतीला लावलेला नाही, तिथे ट्रंकेवर टेकवून ठेवलाय. ती विचारते की कोणाची चूक झाली, तर म्हणतो तुझी नाही. माझीही नाही म्हणतो. मग कोणाची, तर गप्प. पण तिला काय ते कळलं होतं. तिने पदर सावरला आणि तुषारच्या अगदी समोर सरकून बसली.

"तू त्या साहेबसले सांग ना भाऊ. चूक मन्हा पोऱ्यानी नही, मन्ही शे. मीच हट्ट धरा व्हता नागपूरना. मन्हामुळेच व्हयनं हाई."

तुषार ऐकत राहिला. दुसऱ्या विभागाचं कसं सांगायचं ते त्याने वाटेत पाठ केलं होतं. पगार तोच, काम हलकं, सोयीची पाळी. त्यातला एक शब्द त्याच्या तोंडून निघेना. ही बाई आयुष्यात एकदा आपल्या मनासारखं कुठेतरी गेली होती, आणि त्याच्या रुमालापायी ती त्या जाण्याला पाप समजत होती. जिन्यात पाऊल वाजलं. लोकेश शेवटच्या पायरीवर उभा होता, आणि किती वेळ होता ते कळायला मार्ग नव्हता.

"मावशी, तुमच्यामुळे काही झालं नाही," तुषार म्हणाला. "काच मी खराब केली. याने मला विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. रंभाबाईला लेझर कळत नव्हता, पण रुमाल कळत होता, कुंकू कळत होतं, आणि खोटं तर सगळ्यांनाच कळतं. ती ऐकत असताना तिच्या बोटांवर चिकटलेले खडे ती एकेक करून काढत होती. तुषारचं संपलं तेव्हा ती त्याच्यावर रागावली नाही. तिने पदर डोळ्यांना लावला.

"मंग मन्हामुळे नही व्हयनं," ती म्हणाली. स्वतःशीच पुन्हा एकदा म्हणाली, आणि उठून आत गेली. तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं.

लोकेश समोर येऊन बसला. "कुंकू मला त्याच दिवशी दिसलं होतं," तो म्हणाला. "भिंगातून. काचेच्या तड्याशी जळून बसलं होतं. बाजूला तेलाचा पट्टा, पुसल्यासारखा."

तुषारला वाटलं होतं की आपलं गुपित आपल्यापाशी आणि केबिनच्या दारामागे आहे. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? बिऱ्हाडे म्हणतो पूजेने काच फुटली? मी दसऱ्याला तिथे नव्हतो, मी नागपूरला होतो. पुढे काय काय म्हणाले असते ते तू सांग. तू डब्याच्या टेबलावर असतोस."

तुषारने मान खाली घातली. नळाची धार आणि ‘यांचं सगळं लक्ष तिकडेच’ हे शब्द त्याच्या कानात पुन्हा वाजले.

"तू सांगितलं असतंस तर ती नुसती चूक राहिली असती," लोकेश म्हणाला. "मी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. म्हणून थांबलो. रोज सकाळी वाटायचं, आज सांगेल. फोन वाजला की वाटायचं, तूच आहेस."

फोन करायचं एवढ्या दिवसांत तुषारच्या मनात आलं नव्हतं असं नाही. दहा वेळा नाव काढून दहा वेळा त्याने फोन खाली ठेवला होता. आता त्याने खिशातून तो काढला आणि तिथेच, लोकेशसमोर, जयंतसरांना लावला. लोकेशच्या घरी आहे म्हणाला. उद्या समितीपुढे सगळं सांगणार आहे, झाकण उघडलं ते, रुमालाचं, आणि नाही म्हणालो तेही.  सरांनी विचारलं की उघड असं मी म्हणालो होतो, हेही सांगणार का. तुषार म्हणाला, हो सर, तेही. सरांनी एक सुस्कारा टाकला, बरं म्हणाले, आणि मग अगदी खालच्या आवाजात, त्याला म्हणावं राजस्थानचं सामान बांधून ठेव, असं म्हणून फोन ठेवला. ते होईल की नाही हे त्यांच्याही हातात नव्हतं, पण म्हणाले.

तुषारने तो निरोप सांगितला. बाहेर लूम चालू होते. त्याने खांदे सैल सोडले आणि एक मोठा श्वास घेतला, किती तरी दिवसांनी छातीत पूर्ण भरलेला. लोकेश त्याच्याकडेच बघत होता.

"हलकं वाटलं?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता, नुसतंच विचारलं होतं.

निदान याच्याशी तरी आता खोटं बोलायचं नाही, एवढं तुषारने ठरवलं होतं. "हो," तो म्हणाला.

"मला नाही वाटलं," लोकेश म्हणाला.

तेवढ्यात आतून रंभाबाई डोळे पुसत तांब्या-भांडं घेऊन आली. घरी आलेल्या माणसाला पाणी द्यायचंच राहिलं होतं. लोकेशने तिच्या हातून भांडं घेतलं, भरलं, आणि तुषारकडे न बघता त्याच्या पुढे धरलं. तुषारने ते घेतलं आणि मान खाली घालून सगळं पाणी पिऊन टाकलं.